फळ्यावरची तीन नावं

किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. दोन-तीन म्हातारे, एक फळा आणि उकळता चहा, एवढं एका जागी ठेवायचं. यात्रांच्या दिवसांत आमच्याकडं एकेका सकाळी एकेक किस्सा घडतो. सगळे सांगत बसलो तर चहा गार होईल. मोजके सांगतो.

न्हावऱ्याच्या फाट्यावर शांतारामचं हॉटेल आहे. आसपासच्या यात्रांत बैलगाडे पळून झाले की शेवटी नुसत्या घोड्यांची शर्यत असते. घोड्या घेऊन निघालेले पिकअप सकाळी इथं थांबतात, घोड्या खाली उतरवून हौदावर पाणी पाजतात. तेवढ्यात आम्ही त्या बघून घेतो आणि आज पहिल्या तीन कोण येणार ते फळ्यावर लिहितो. फळा शाळेनं टाकून दिलेला. अक्षर कांबळे गुरुजींचं. अंदाज माझा. मी चौथी शिकलो, पण चाळीस वर्षं घोड्या पळवल्या. भिकूमामांचा अंदाज खाली वेगळा लिहावा लागतो. का, ते कळेलच.

नियम दोन. पैसा लावायचा नाही, ज्याचा अंदाज जास्त चुकेल त्यानं संध्याकाळचे कप विसळायचे. आणि माया बघून नाव लिहायचं नाही.

दुसरा नियम मी घातला, चंद्रामुळं. चंद्रा माझी घोडी. माझे गुडघे गेले तेव्हा खुटबावच्या पोपटला दिली. म्हटलं, भीमेपलीकडं जाऊ दे, डोळ्याआड. यंदा पोपट म्हणाला, "आप्पा, वय झालं तिचं. निमोण्याच्या यात्रेत पहिल्या तिनात आली तर ठेवतो. न्हाई तर बाजार दावतो."

मी म्हणालो, "तुझी घोडी. तू बघ."

त्याचं काय झालं ते शेवटी सांगतो.

* * *

एका बागायतदारानं नवी घोडी आणली होती. सकाळी हौदावर माणसाच्या हातात परात. त्यात बदाम, खारीक, तूप, वर दूध!

मी विचारलं, "हे कुणाला?"

"घोडीला, आप्पा. आज पळायचंय तिला."

गुरुजी हळूच म्हणाले, "पळायचंय का बोहल्यावर चढायचंय?"

मी तिचं नाव घेतलं नाही. दुपारी घोडी निम्म्या वाटेवर थांबली. चारी पाय रोवून उभी. मालक ओरडतोय, स्वार टाचा मारतोय, घोडी ढिम्म. माइकवाला म्हणाला, "मंडळी, पंगत उठेपर्यंत वाट बघा!"

* * *

कंपनीत नोकरी करणारा एक इंजिनिअर एकदा लॅपटॉप घेऊन आला. गुरुजींचाच विद्यार्थी. प्रत्येक घोडीचा चार्ट केलेला. वय, उंची, मागच्या शर्यती, वारा कुठून, ऊन किती. म्हणाला, "आप्पा, आता नजरेचं काम संपलं. डेटा बोलतो. आज लखमी पहिली."

मी लखमीला एक फेरी मारली आणि परत येऊन बसलो.

"तुझ्या चार्टात पोट कुठं हाय?"

"कसलं पोट?"

"गाभण हाय ती."

मालकालाच पत्ता नव्हता! त्यानं तिथल्या तिथं घोडी परत पिकअपमध्ये चढवली, आणि पेढे आणायला शिरूरला माणूस पिटाळला. पोरानं चार्ट वरपासून खालपर्यंत परत सरकवून बघितला. मग म्हणाला, "तो कॉलमच नव्हता."

पेढे मात्र त्यानं दोन खाल्ले.

* * *

माझं चुकलेलंही सांगतो. लपवायचं काय?

वीटभट्टीवर काम करणारा एक भय्या चहाला आला होता. फळ्याकडं बघितलं, हौदाकडं बघितलं, म्हणाला, "बाबूजी, सफेदवाली का नाम काहे नहीं है?"

मी म्हणालो, "तुला काय कळतंय? चा पी."

"ठीक है," म्हणाला. चहा प्यायला, गेला.

पांढरी पहिली आली. नुसती आली नाही, बाकीच्यांना धूळ खायला घालून आली!

दुसऱ्या दिवशी मी शांतारामला भट्टीवर पाठवून त्याला बोलावलं. विचारलं, "काय बघितलंस?"

"कान, बाबूजी. सब घोड़ी पानी देख रही थी, वो रास्ता देख रही थी."

कप मी विसळले. त्याचाही. हरून विसळले ती तेवढी एकच वेळ.

* * *

आता भिकूमामा. ह्यांची पद्धत सोपी. जी घोडी त्यांच्याकडं बघते ती पहिली येणार! पाय बघत नाहीत, छाती बघत नाहीत. त्यामुळं यात्रा कुठलीही असो, संध्याकाळी कप विसळायच्या टपापुढं मामाच. शांताराम म्हणतो, "मामा, तुमच्या जिवावर मी कपाला गडी लावत न्हाई."

एकदा मामांनी एक तांबडी निवडली. म्हणाले, "हिनं माझ्याकडं दोनदा बघितलं."

मी म्हणालो, "मामा, तिनं तुमच्या हातातल्या पावाकडं बघितलं."

निशाण पडलं. तांबडी सुटली ती दोरखंड ओलांडून शेजारच्या मक्यात! घोड्या पोचल्या, बक्षिसं वाटली, तरी तांबडीचं खाणं चालू.

गुरुजी म्हणाले, "मामा, तुमची हरली."

मामा म्हणाले, "हरली कुठं? जेवायला पहिली तीच बसली की!"

* * *

निमोण्याची यात्रा आली. सकाळी पोपटचा पिकअप थांबला. चंद्रा उतरली, हौदाकडं गेली नाही. सरळ माझ्याकडं आली आणि सदऱ्याच्या खिशाला तोंड लावलं. पूर्वी मी त्यात गूळ ठेवायचो. खिसा रिकामा होता.

मी तिला तोंडापासून शेपटीपर्यंत बघितलं. मागचा डावा पाय उचलून टेकवत होती. श्वास आखूड झाला होता.

गुरुजी खडू घेऊन उभे. दोन नावं लिहून झाली.

"आप्पा, तिसरं?"

मी परत तिच्या पायाकडं बघितलं. गुरुजी हळू आवाजात म्हणाले, "चंद्रा लिहू का? कुणी काही म्हणणार नाही."

"मैना लिहा."

"आप्पा..."

"अंदाज म्हणजे अंदाज. मैना."

भिकूमामा उठले. "गुरुजी, माझ्या नावानं खाली चंद्रा लिहा. पहिली."

मी म्हणालो, "मामा, पाय बघितला का तिचा?"

"मी पाय बघत न्हाई. आन् आज ती माझ्याकडं बी बघत न्हाई. तुमच्याकडं बघती."

"मग?"

"मग काय? लिहा, गुरुजी."

दुपारी मी दोरखंडाला धरून उभा होतो. फळ्यावर होत्या त्याच तीन आल्या. त्याच क्रमानं! इतक्या वर्षांत तिन्ही नावं अशी ओळीनं कधी जमली नव्हती. शांतारामनं मला पेढा भरवला. इंजिनिअर पोरानं पाय धरले. "आप्पा, हंड्रेड परसेंट!"

चंद्रा शेवटची आली. पण थांबली नाही. शेवटच्या निशाणापर्यंत आली.

संध्याकाळी सगळे जीपनं परतले. मला म्हणाले, चला. मी म्हणालो, पुढं व्हा. पोपटकडं काम होतं. मग पायीच आलो, हळूहळू. गुडघे आता तेवढंच चालू देतात.

हॉटेलात पोचलो तेव्हा भिकूमामा टपापुढं बाह्या सारून बसले होते. यात्रेचा दिवस, कपांचा ढीग. मी टोपी काढून खुंटीला लावली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.

"सरका."

"आप्पा, आज तुमचं तिन्ही बरोबर आलं. कप माझं हायेत."

"सरका म्हणतो ना."

मामा सरकले. मी कप घेतला. मामांनी दोन-तीनदा माझ्याकडं बघितलं.

"आप्पा, घोडीचं काय झालं?"

"बाहेर लिंबाला बांधलीय. शांतारामला सांगा, थोडा गूळ दे म्हणावं."