वरचा घड

आमची विमान कंपनी म्हणजे दोन जुनी मालवाहू विमानं, आणि त्यातलं एक कायम दुरुस्तीला. कराडजवळच्या धावपट्टीवरून महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आणि कवठे महांकाळची द्राक्षं लांबच्या शहरांत जायची. हवाई दलातून निवृत्त होऊन मी तिथं लागलो. माल तोलायचा, वजनाच्या कागदावर सही करायची आणि तो कागद वैमानिकाच्या हातात द्यायचा, एवढंच माझं काम. विमान किती ओझं घेऊन उठणार, हे त्या कागदावर ठरायचं.

तिसऱ्या हंगामात माझ्या सासऱ्यांच्या गावची द्राक्षं पहिल्यांदाच विमानानं निघाली. सासरे स्वतः टेम्पोत बसून आले होते. सगळ्या पेट्यांवर पाच किलोचा शिक्का होता. मी काट्याकडे वळलो तेव्हा ते हात मागं बांधून उभे होते, गावची चार माणसं बघत होती. जावयानं सासऱ्याचा माल पुन्हा तोलायचा म्हणजे त्यांना चारचौघांत खोटं ठरवायचं. मी काटा तसाच सोडला, पेट्या मोजल्या, पाचानं गुणलं आणि सही केली. भीड भिकेची बहीण म्हणतात. भीक दुसऱ्याच्या पदरात पडली, इतकंच.

विमान धावलं, धावलं आणि उठेचना. अगदी शेवटी उठलं ते पलीकडच्या उसाला चाकं घासत. वैमानिकानं ते कसंबसं वळवून परत उतरवलं. चाकात उसाची पाती अडकली होती. वैमानिक ती एकेक करून ओढून काढत होते आणि मी शेजारी उभा होतो.

माल उतरवल्यावर मी एक पेटी गुपचूप काट्यावर ठेवली. साडेपाच किलो. दुसरीही तेवढीच. बाजारात माल देताना तूट धरून वर एक घड ठेवायची त्या गावाची रीत मला ठाऊक नव्हती असं नाही. चौकशीचे लोक येईपर्यंत द्राक्षं सांगलीच्या बाजारात विकून गेली होती. उरला माझा कागद. त्यावर वजन बरोबर होतं, म्हणून चूक वैमानिकाची ठरली. त्यांची नोकरी गेली. गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली आणि वर्षाच्या आत कंपनीही मिटली. मी गप्प राहिलो. मला माझी लाज वाटते, आणि ती वाटायलाच हवी.

ते वैमानिक साताऱ्यात आमच्याच भागात राहतात. समोरून येताना दिसले की मी रस्ता ओलांडतो.

यंदा हंगामात सासुरवाडीला गेलो होतो. निघताना सासऱ्यांनी माझ्यासाठी पेटी भरली आणि सवयीनं वर एक घड ठेवला. मला राहवलं नाही. तिथंच ओट्यावर बसून त्यांना सगळं सांगितलं.

त्यांनी वरचा घड हातावर तोलून परत ठेवला. मग म्हणाले, "इमानानं जायचं, वाटंत आटंल, म्हणून जरा जास्तच घातलं व्हतं आमी. पन पाव्हणं, तवाच का न्हाई तोललं तुमी?"

"तुम्हाला राग आला असता, मामा."

"आला असता की. दोन दिस बोललो नसतो." त्यांनी पेटीचं झाकण लावलं. "त्या सायबांना सांगितलंसा का ह्ये?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मग ही पेटी माज्याकडनं त्येंस्नी द्या," ते म्हणाले. "घड माजा व्हता म्हनावं. सही कुनाची व्हती, ते तुमी सांगा."

पेटी तीन दिवस गाडीच्या डिकीत होती. रोज वैमानिकांच्या घरावरून गेलो आणि रोज उद्यावर टाकलं. चौथ्या दिवशी डिकी उघडली तर आंबूस वास आला, खालचा पुठ्ठा भिजला होता. ती पेटी तशीच दोन्ही हातांत धरली आणि कोपरानं त्यांच्या दारावरची बेल दाबली.