नोमियामाबाईंचे भेगाळलेले हात

जपानमधल्या आमच्या अमागासाकीच्या प्रयोगशाळेत गॅस ओळखणाऱ्या चिमुकल्या मण्यांतली वीज मोजायचं काम त्सुरुए नोमियामा एकतीस वर्षं करत होत्या. कथलाच्या ऑक्साइडचा मणी तापवायचा. हवेतला ऑक्सिजन त्याच्या कणांवर बसून वीज अडवतो; गॅस आला की ऑक्सिजन हटतो आणि वीज सुटते. पण हे एवढंसं नीट मोजायला बाईंसारखं हट्टी माणूस लागतं. क्रीम, अत्तर, केसांचा फवारा सगळं वर्ज्य, त्यांची वाफ मण्याला बाधते. हिवाळ्यात हातांच्या भेगांतून रक्त यायचं. मी सिलिंडर सांभाळणारा, तोंडाचा फटकळ.

"नोमियामासान, हात आहेत की सुकट?"

"आधी तुमच्या तोंडाचा कालच्या साकेचा वास मण्यापासून लांब न्या!"

फेब्रुवारीत बाईंच्या मुलीचं लग्न झालं. निघताना मुलीनं क्रीमची नळी दिली, "आई, रोज लाव." लावायची नव्हतीच, पण फेकवेना, म्हणून बाईंनी ती कामाच्या कोटाच्या खिशात ठेवली.

त्याच आठवड्यात आमचे संशोधक डॉक्टर कुझे यांचे नवे मणी गॅसला दाद देईनासे झाले. डॉक्टर हरखले. इतक्या बारीक कणांत वीज वेगळ्या वाटेनं जाते, गॅसला जुमानत नाही, असा त्यांचा तीन वर्षांचा अंदाज होता; तो खरा ठरला असं त्यांना वाटलं. शुक्रवारी क्योतोच्या परिषदेत ते हे सगळ्यांसमोर मांडणार होते.

बुधवारी बाईंना खिशात नळी गळून पडलेला तेलकट डाग दिसला. त्यांनी नळी आणि एक जुना, खात्रीचा मणी बरणीत बंद केला. गुरुवारी तोही मेला. क्रीममधल्या सिलिकॉननं कणांवर लेप चढवला होता. त्या तडक डॉक्टरांपुढे कमरेत वाकल्या.

"डॉक्टर, तुमचे मणी मी मारले."

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही."

"मग सांगितलंत कशाला?"

"मोजमाप माझं आहे म्हणून."

डॉक्टरांनी क्योतोला नकार कळवला आणि आठवडाभर बाईंशी अवाक्षर बोलले नाहीत. मला त्यांचा मनस्वी राग आला. बाईंनी राजीनामा लिहिला.

तो द्यायला त्या प्रयोगशाळेत आल्या, तर बाईंच्याच टेबलावर नवी नळी आणि आलेखाचे नऊ कागद. बाजारातली नऊ क्रीमं डॉक्टरांनी एकेका मण्याजवळ ठेवून पाहिली होती. आठांनी मणी मारले. नवव्या कागदावरची रेष जरा खाली जाऊन परत जागेवर आली होती, म्हणजे मणी जिवंत होता. तिच्याखाली डॉक्टरांचं किरटं अक्षर: 'हे क्रीम चालेल. रोज लावा.'

बाईंनी तो कागद दोनदा वाचला. मग राजीनामा घडी करून खिशात टाकला, माझ्यादेखत दोन्ही हातांना क्रीम चोळलं आणि डोळे पुसत खेकसल्या, "बघताय काय? सिलिंडर उघडा!"