फायटरचं पाणी

आमच्या नातेवाइकांत गेली तीन वर्षं एक विनोद फिरतो आहे. माझ्या सुनेच्या हातात म्हणे मासासुद्धा टिकत नाही. चिपळूणच्या एका लग्नात तो तिच्या तोंडावर सांगितला गेला आणि तिला हसावं लागलं. तो विनोद माझा आहे. मासा मेला त्याच दिवशी मी तो फोनवर माझ्या बहिणीला सांगितला. त्यात तथ्य नाही, हे मला बोलतानाच माहीत होतं.

मी अबू धाबीतल्या रुवैसला एकतीस वर्षं पाण्याच्या प्लांटवर नोकरी केली. समुद्राचं पाणी गोडं करायचं, त्यात मोजून क्लोरीन सोडायचं आणि टाऊनशिपकडे पाठवायचं. शिफ्ट संपताना पाण्याची बाटली उजेडात धरायची आमची पद्धत होती. पलीकडची बोटं स्वच्छ दिसली की पाणी पास. धूसर दिसली की त्या शिफ्टची नाचक्की. माझ्या शिफ्टवर ती वेळ फारशी आली नाही, आणि ही गोष्ट मी घरात गरजेपेक्षा जास्त वेळा सांगितली आहे.

बायको गेल्यावर मुलानं मला अबू धाबी शहराजवळच्या खलिफा सिटीतल्या आपल्या घरी आणलं. सुनेचं आणि माझं पहिल्यापासून पटलं नाही. मी काही सांगायला लागलो की ती म्हणायची, "बाबा, ते आता तसं करत नाहीत." आवाज न चढवता म्हणायची, त्याचा मला जास्त राग यायचा. तो अजून पुरता गेलेला नाही, हेही इथे लिहून ठेवतो.

नात तेव्हा नऊ वर्षांची होती. तिला मासा पाळायचा होता, फायटर, निळा, मोठ्या शेपटीचा. मला वाटलं, दुकानातून काचेचा गोल बाऊल आणायचा, नळाखाली भरायचा, मासा सोडायचा, खलास. सुनेनं चौकोनी टाकी आणली. फिल्टर, वाळू, एक हिरवं झुडूप आणि वर हीटर. बाहेर पंचेचाळीस डिग्री ऊन आणि माशाला हीटर. पण आमच्या घरात एसी इतका गार असायचा की मीसुद्धा स्वेटर घालून बसत होतो, त्यामुळे तिचं म्हणणं खोडता येईना.

टाकी भरून चार आठवडे तशीच चालू होती. आत मासा नाही.

"नवरदेव कुठे अडला?" मी रोज विचारायचो.

"आधी पाण्यात चांगले बॅक्टेरिया तयार व्हावे लागतात, बाबा. घाण तेच खातात."

"एकतीस वर्षं मी पाण्यातले बॅक्टेरिया मारले. त्याबद्दल कंपनीनं घड्याळ दिलं मला. तू ते पाळतेस."

"तुमच्या पाण्यात कोणाला राहायचं नव्हतं," ती म्हणाली.

नात टाकीसमोर मांडी घालून बसली होती. ती मागे न बघता म्हणाली, "आजोबा, डोन्ट टीज मम्मा. शी नोज."

शेवटी मासा आला. काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसलं की गाल फुगवून त्याच्यावर धावून जायचा. मला तो आवडला. दहा-बारा दिवसांनी पाणी दुधाळ दिसायला लागलं. सून म्हणाली, नवीन टाकीत असं होतं, आपोआप निवळेल, कुणी हात लावायचा नाही. आणि टाकीवर मोठ्या मराठी अक्षरांत चिठ्ठी चिकटवली: 'पाणी बदलू नये. स्पंज धुऊ नये.' तिच्याखेरीज त्या घरात मराठी वाचणारे आम्ही दोघंच, मुलगा आणि मी. मुलगा दिवसभर ऑफिसात, नातीला मराठी अक्षरं धड लागत नाहीत. चिठ्ठी माझ्यासाठी होती.

त्या शनिवारी दुपारी तिघं बाहेर गेली. मी टाकीच्या मागे हात धरून बघितलं. बोटं धूसर दिसली. मी चिठ्ठी काढली आणि कामाला लागलो. मासा पातेल्यात घेतला, सगळं पाणी उपसलं, वाळू आणि झुडूप धुतलं, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढरा केला. सप्टेंबर होता. त्या दिवसांत गच्चीवरची टाकी तापून गार पाण्याच्या नळाला चटका देणारं पाणी येतं, म्हणून इथे सगळे गीझर बंद ठेवतात, त्यातलं पाणी घरातल्या एसीनं निवतं, आणि गरम पाण्याचा नळ गार पाण्यासाठी वापरतात. तेही मी विसरलो नाही. थर्मामीटर लावून सत्तावीस डिग्री बघितलं. क्लोरीन मारणाऱ्या थेंबांची बाटली शेजारीच होती. ती मी मुद्दाम वापरली नाही. तिच्या थेंबांवाचून मासा जगतो, हे मला दाखवायचं होतं. कोणाला दाखवणार होतो, मी गुपचूप केलेलं? तेव्हा तो विचार आला नाही.

संध्याकाळी ती आली, टाकीकडे बघितलं आणि चेहरा उजळला. नातीला म्हणाली, "बघ, सांगितलं होतं ना? आपोआप निवळलं."

मी पेपर वाचत होतो.

तासाभरानं मी टाकीजवळ गेलो. मासा पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून धापा टाकत होता. कल्ले लाल झाले होते. तेव्हा मला कळलं. एकतीस वर्षं क्लोरीन सोडणाऱ्या माणसाला अजून काय कळायचं होतं? चार थेंब टाकले असते तर कदाचित वाचला असता. पण सून सोफ्यावरच होती, आणि थेंब टाकायचे म्हणजे तिला का ते सांगावं लागणार होतं. मी माझ्या खोलीत गेलो.

सोमवारी सकाळी मासा तळाशी पडलेला होता. सुनेनं पाणी तपासलं. नळीतला रंग तिनं दोनदा तक्त्याशी ताडून बघितला. "अमोनिया," ती म्हणाली. "घाण खाणारे बॅक्टेरियाच नाहीत. म्हणजे टाकी तयार झालीच नव्हती. माझं चुकलं."

नात रडली नाही. ती म्हणाली, "यू सेड इट वॉज रेडी."

मी म्हणालो, "तरी मी म्हणत होतो." आणि आत जाऊन बहिणीला फोन लावला.

त्यानंतर नातीनं आईला काही विचारणं कमी केलं. शाळेत बी रुजवायचं होतं तर ते मैत्रिणीच्या आईकडे ठेवलं. परवा मुलगा जेवताना म्हणाला, मांजर आणू या का. नात म्हणाली, "नॉट विथ मम्मा. रिमेंबर द फिश?" सून भाजी वाढत होती. तिचा हात थांबला आणि पुन्हा वाढायला लागला.

तेव्हा मी सांगितलं. पाणी, स्पंज, थेंब, सगळं.

"त्या संध्याकाळी कळलं होतं तुम्हाला?" सून म्हणाली.

"हो."

"बाटली शेजारीच होती."

"हो."

"सहा महिने मी रोज वाचत होते, काय चुकलं ते." तिनं भांडं खाली ठेवलं. "आत्यांना फोन लावा. स्पीकरवर."

"अगं, जेवण झाल्यावर," मुलगा म्हणाला.

"आत्ता."

मी लावला. बहिणीला सगळं सांगितलं. ती खळखळून हसली. "दादा, सुनेच्या घरात राहायचं म्हणजे असं बोलावं लागतं रे. कळतं मला. तिचंच नाव मोठं करायचं."

सुनेनं हात पुढे करून फोन बंद केला. "लिहून द्या," ती म्हणाली. "सगळ्यांच्या ग्रुपवर टाका." नात माझ्याकडे बघत होती. "यू लेट मी से दॅट टू हर," ती म्हणाली, मग आपली खुर्ची उचलून आईच्या बाजूला नेली. मला कोणी भात विचारला नाही. मी आपला वाढून घेतला.

म्हणून हे लिहिलं. ग्रुपवर टाकण्याआधी ते सुनेला वाचायला देणार आहे, कारण एक गोष्ट मी त्या दिवशी जेवतानाही सांगितली नव्हती. टाकी भरून झाल्यावर मी तिची चिठ्ठी त्याच चिकटपट्टीनं काचेवर होती तिथे परत लावली आणि अंगठ्यानं नीट दाबली. मासा मरेपर्यंत ती तिथेच होती: 'पाणी बदलू नये.'