एका गाण्याला एक बनियन

मन्सूरभाईंची गिटार होती, अ‍ॅम्प होता, माइक होता.
आवाज तेवढा नव्हता.

मन्सूरभाईंना जाऊन आज वर्ष झालं.

ज्यांना ते माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. दापोलीकडचा माणूस. नोकरी इथे आखातात, आठवडाभर हमरिया फ्री झोनमध्ये परचेसचं काम. सुट्टीच्या दिवशी देऱ्यातल्या आपल्या बेडरूममध्ये बसून टेक्ससच्या बँडसाठी गिटार वाजवायचे.

तिकडून गाणं मेलने यायचं, गिटारची जागा मोकळी ठेवून. हे ती भरून परत पाठवायचे. त्या बँडवाल्यांना ते कधीच भेटले नाहीत.

संगीत कसलं, तर वेस्टर्न स्विंग. काउबॉय लोकांचं नाचाचं संगीत, पण अंगात जॅझ. फिडल असतं, स्टील गिटार असते, आणि खाली एक माणूस दर मात्रेला कॉर्ड मारत सगळ्यांना चालवत असतो.
तो माणूस देऱ्यात.

तिकडे त्यांच्या टोनची चर्चा व्हायची. जुन्या लाकडी रेडिओतून यावा तसा आवाज. गोल, कोरडा, थोडा लांबून येणारा.

मी बातम्यांच्या धंद्यातला माणूस. "कसं?" हा प्रश्न मला गप्प बसू देत नाही.
सहा वर्षं त्यांच्या मागे लागलो होतो.

"मन्सूरभाई, हा आवाज येतो कुठून?"
"हबीबी, सगळं समोर आहे. बघ आणि लिही."

मी लिहीत गेलो. पोकळ अंगाची जुनी गिटार. गुळगुळीत तारा, नऊ वर्षं न बदललेल्या. ("तार बदलली की पोरगी नवीन चप्पल घालून आल्यासारखी वाजते.") गिटारवरचं टोनचं बटन तीनवर. दोनच बटनांचा छोटा व्हॉल्व्हवाला अ‍ॅम्प. माइक अ‍ॅम्पपासून वीतभर.
प्रत्येक बटनाचा फोटो माझ्या फोनमध्ये होता.

गेल्या मार्चमध्ये ते अचानक गेले. हार्ट.

एका बँडची चार गाणी हातात होती. तीन झाली होती, एक राहिलं.

त्यांची मुलगी आयेशा सिलिकॉन ओएसिसमध्ये नोकरी करते. वडिलांकडेच गिटार शिकली. तिने बँडला मेल केला, चौथं मी वाजवते. ते भले लोक. म्हणाले, ऑगस्टअखेरपर्यंत थांबतो. पण तोच आवाज हवा, नाहीतर गिटार चारही गाण्यांत दुसऱ्याकडून घेऊ.

म्हणजे मन्सूरभाईंची झालेली तीनही गाणी जाणार.

भाभींची इद्दत, म्हणजे नवरा गेल्यावर पाळायचे चार महिने दहा दिवस, संपेपर्यंत आम्ही गिटारची केस उघडली नाही. ऑगस्टमधल्या एका शनिवारी दुपारी आयेशाचा फोन आला.
"अंकल, यू हॅव ऑल हिज सेटिंग्ज, राइट?"

गेलो. माझ्या फोटोंप्रमाणे एकेक बटन लावलं. वीत मोजून माइक ठेवला. आयेशा वाजवायला लागली. हात अगदी बापाचा.

ऐकलं.
चपटा आवाज. कानाला चिकटलेला.

पुन्हा केलं. बटन तीनवरून अडीचवर. चारवर. दीड तास.
"धिस इज नॉट अब्बा," आयेशा म्हणाली आणि गिटार मांडीवर आडवी ठेवून बसून राहिली.

भाभी सरबत घेऊन आल्या. जरा वेळ दारातच उभ्या राहिल्या.
"एसी लावून कसं होईल?"

आम्ही दोघं त्यांच्याकडे वळलो.

"ते रेकॉर्डिंगला एसी बंद करायचे. पंखापण. मला सांगायचे, तासभर मिक्सर लावू नको. माइक तिकडं, कपाटापाशी. कपाटाचं दार उघडं."

मी म्हटलं, "पण भाभी, माझ्यासमोर तर कायम वीतभर..."

"तुमच्यासमोर एसी चालू असायचा ना, भाऊ. पाहुण्याला घामात कसं बसवायचं? तुम्ही गेलात की बंद करायचे."

सहा वर्षं मी लिहून घेतलं ते सगळं खरं होतं. फक्त ते पाहुण्यासाठीचं होतं.

खिडकीतला एसी घरघरत असेल, तर माइक अ‍ॅम्पला चिकटवावाच लागतो. एसी बंद केला की माइक खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेता येतो. मग गिटारच्या आवाजात खोलीची हवा येते, कपाटातल्या कपड्यांचा मऊपणा येतो. तो लांबून येणारा आवाज बटनात नव्हताच.

"आयेशा, तुला ठाऊक नव्हतं?"
"ही सेंट मी आउट, अंकल. एव्हरी टाइम. म्हणायचे, जा, मॉलमध्ये जा, इकडे गरम होतंय."

एसी बंद केला. ऑगस्टची दुपार. दहा मिनिटांत कपाळ ओलं, वीस मिनिटांत पाठ. गरमीने तारा उतरायच्या, आयेशा दर टेकआधी पुन्हा सुरात लावायची.

तिसऱ्या टेकला पहिल्या चार मात्रा झाल्या आणि माझ्या अंगावर काटा आला.
आयेशाने वर बघितलं नाही. वाजवत राहिली.

दोन दिवसांनी टेक्ससहून मेल आला. त्यांनी एवढंच विचारलं होतं: हे मन्सूरचं जुनं रेकॉर्डिंग तुम्हाला कुठे सापडलं?
चारही गाणी टिकली.

पण मला आठवते ती टेक संपल्यानंतरची वेळ. दार उघडून भाभी आत आल्या. हातात आयेशासाठी टॉवेल, आणि माझ्यासाठी एक कोरं पांढरं बनियन.

"मी डझनाने आणायची," त्या म्हणाल्या. "त्यांना एका गाण्याला एक लागायचं. घ्या, बदला. एसी आत्ता नाही लावत, अजून एक टेक घ्या."

चौथ्या गाण्याची लिंक पहिल्या कमेंटमध्ये आहे. हेडफोन लावून ऐका. एसी बंद करता आला तर बघा.

खलास, मन्सूरभाई. माझे प्रश्न संपले.
सलाम.