मांडीतली गाठ आणि दुकानभर सल्लागार

आमचे हे केस कापतात. खुर्चीत बसलेल्याचं डोकं यांच्या हातात, आणि यांचं डोकं खुर्चीत बसलेल्याच्या हातात! यांच्या मांडीत लिंबाएवढी गाठ आली, तेव्हा मी म्हटलं, मोठ्या दवाखान्यात दाखवा. पण गिऱ्हाइकं काय कमी शहाणी? एकाने चरबीची ठरवली, दुसऱ्याने उभं राहून साकळलेलं रक्त, तिसऱ्याने चोळायला तेल आणून दिलं. "दुखत नाही ना? मग कशाला उगाच!" हे यांचं पालुपद.

गाठ वाढतच गेली. शेवटी नेहमी केस कापायला येणाऱ्या एका डॉक्टरने काही न तपासता, दुपारच्या सुट्टीत, आडवी चीर देऊन ती काढली आणि कचऱ्यात टाकली. हे घरी येऊन मलाच ऐकवतात, "बघ, झालं मोकळं!"

गाठ पुन्हा आली, ती भराभर वाढणारी. मग मी यांना मोठ्या दवाखान्यात ओढतच नेलं. एमआरआय झाला, सुईने तुकडा काढून तपासला. स्नायूतला कर्करोग निघाला. तिथल्या डॉक्टरबाईंनी व्रण पाहून कपाळाला हात लावला.

"आधी तपासून उभी चीर घेतली असती, तर थोडक्यात भागलं असतं. आडव्या चिरेने रोगाच्या पेशी आजूबाजूलाही लागल्या असतील; आता हा अख्खा व्रण भोवतालच्या मांसासकट काढावा लागेल. आधी रेडिएशन देऊ. पाय वाचेलच, असं आज सांगत नाही."

मला रडू येत होतं आणि यांचा गळाही दाबावासा वाटत होता. हे विचारतात, "दुकान किती दिवस बंद?"

रेडिएशन संपलं, ऑपरेशनचा दिवस ठरला, तर कुणाचा तरी फोन आला: सुरी लागली की कर्करोग पसरतो. हे दवाखान्यातल्या खाटेवरून उठून, चपला घालून घरी निघाले! मी दारात आडवी उभी राहिले. "पाऊल बाहेर टाकून तर बघा."

पाय वाचला. मांडीचं बरंच मांस गेलं.

"आता दर तीन महिन्यांनी छातीचा फोटो," बाई म्हणाल्या.

"गाठ मांडीत, फोटो छातीचा कशाला? आमचं एक गिऱ्हाईक म्हणतं—"

"कारण ही गाठ पसरली, तर बहुधा फुफ्फुसात जाते."

यांनी चादरीखालून माझा हात घट्ट धरला. बाई गेल्यावर हळूच म्हणाले, "तू येशील ना बरोबर?"

"इतके महिने कोण येत होतं मग?" मी खेकसले. हात मात्र सोडवला नाही.