पेन्सिलीची सुट्टी

आमच्या सांगलीच्या वर्कशॉपात ऊस भरायची यंत्रं बनतात. खंडेनवमीला पाने, पकडी, हातोडे मांडून आम्ही पूजा करत होतो, तेव्हा दुभाषी मुलीबरोबर एक जपानी म्हातारा आत आला. चाळीस वर्षं सिनेमांसाठी डोंगराएवढे यंत्रमानव रेखाटणारा हा माणूस आमच्या यंत्राचा लोखंडी पंजा बघायला आला होता. पैलवानाचा दंड चाचपावा तसा त्यानं तो चाचपला.

पूजा कशाची, हे कळल्यावर त्यानं खिशातली बोटभर पेन्सिल काढून पान्यांशेजारी ठेवली. आमच्या म्हाताऱ्या फिटरनं तिलाही हळदकुंकू वाहिलं.

थोड्या वेळानं पंजाचं चित्र काढायला पाहुण्यानं पेन्सिलीकडे हात नेला. फिटरनं तो अलगद धरला.

"न्हाई पाव्हणं. पुजल्यालं हत्यार आज उचलायचं न्हाई. आज तिला सुट्टी हाय."

मुलीनं ते सांगताच पाहुणा खळखळून हसला. म्हणाला, "चाळीस वर्षांत माझ्या पेन्सिलीला ही पहिलीच सुट्टी. म्हणजे माझीही."

मग मैदान मारल्यासारखा तो खुर्चीत पाय पसरून बसला. एवढे अजस्र यंत्रमानव उभे करणारा तो हात मी नीट पाहिला, तेव्हा तो रिकामा होता आणि पेढ्यासाठी ऐटीत पुढे आला होता.