वास येतोय का?

ऑफिसात तिला सगळे धूरबाई म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. हवामान खात्यात सतरा वर्षं तिचं काम एकच: उपग्रहाच्या चित्रांत वणव्यांचा धूर शोधायचा आणि त्याच्याभोवती रेघ ओढायची. ढग कुठला आणि धूर कुठला, असं नव्या माणसाने विचारलं की ती सांगे, "ढग इस्त्रीचा असतो, धूर चुरगळलेला."

एकदा ती रेघ तिच्याच शहरावरून गेली. तिने इशारा दिला. शाळा बंद झाल्या, धाकट्या जावेने वाळत घातलेले कपडे ओलेच आत आणले. हवा मात्र दिवसभर आरशासारखी लख्ख. धूर होता, पण फार उंचावरून निघून गेला. वरून बघताना तो किती उंचीवर आहे, ते तिला उमगलं नव्हतं. संध्याकाळी सूर्य तेवढा लालभडक झाला.

"सूर्य छान होता हं, ताई," जाऊ म्हणाली.

दोन दिवस धूरबाईला घास गोड लागला नाही. तिसऱ्या दिवशी तिने जंगलाच्या वाटेवरच्या सात जणांचे नंबर मिळवले आणि रोज नऊ वाजता विचारू लागली, "वास येतोय का?" त्यांतली दातांची डॉक्टर म्हणाली, "इथे लवंगेच्या तेलाशिवाय कसलाच येत नाही." ते नाव तिने खोडलं.

चार महिन्यांनी डोंगरापलीकडचं जंगल पेटलं. त्या सकाळी ढग असे दाटले होते, की चित्रात नुसती पांढरी चादर. तिने यादीतल्या टोलनाक्यावरच्या चौकीदाराला फोन लावला.

"येतोय बाई. डोळे चुरचुरतायत. समोरचा पूलही दिसेना."

"वारा कुणीकडे?"

"माझी टोपी तुमच्याकडे निघाली होती. पळत जाऊन धरली."

ती साहेबांकडे गेली. साहेब म्हणाले, "चित्रात तर काही नाही."

"धूर ढगांच्या खाली आहे, साहेब."

"मागच्या वेळी काय झालं, आठवतंय ना?"

"आठवतंय. म्हणूनच फोन केला."

साहेबांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर सायकलींचं शेड होतं. मग त्यांनी इशाऱ्यावर सही केली.

एकच्या सुमाराला धूर आला. भर दुपारी रस्त्यावरचे दिवे लावावे लागले. घरी दम्याचे सासरे आतल्या खोलीत होते, फटींत ओले टॉवेल कोंबलेले, आणि जाऊ त्यांच्याशी पत्ते खेळताना बिनदिक्कत लबाडी करत होती. दोन दिवसांनी हवा निवळली. सासऱ्यांना दवाखान्याची पायरी चढावी लागली नाही. जावेने धूरबाईच्या खोलीचे पडदेही धुऊन टाकले. ते दोरीवर बघून धूरबाईचे डोळे भरून आले. धुराने, असं तिने सांगितलं.

खात्याने लगेच वासाचा फॉर्म काढला. वास किती, एक ते पाच. चौकीदाराने तो न भरता परत पाठवला. फोनवर म्हणाला, "बाई, धूर येतो, नाहीतर येत नाही. तीन नंबरचा कसा यायचा?"

धूरबाईने सगळीकडे तीन लिहिलं आणि फॉर्म पुढे पाठवला.